टँकरचा कोर्स कराच, पण फॉर्मवरच्या किराणा दुकानाचं काय?

मनमाडच्या एका ड्रायव्हर वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३८, घरात बायको आणि ११ व ७ वर्षांची दोन मुलं. लासलगावचा कांदा ट्रकने बाहेर नेतात, पगार महिना २८ हजार, तोही रोख. पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल नेणाऱ्या टँकरवर घ्यायला एक मालक तयार आहे. "३६ हजारांपर्यंत जाईल" असं तो म्हणतो. अट एकच, लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद हवी. तीन दिवसांच्या कोर्सची फी ६,५०० आहे. ओळखीचा एक विमा एजंट मात्र म्हणतो, १२ हजार द्या, कोर्सला न बसता सर्टिफिकेट घरी येईल. यातलं काय परवडेल, एवढाच त्यांचा प्रश्न.

पण पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. याच एजंटने दिलेल्या पॉलिसीचा ७२ हजारांचा तिसरा हप्ता दोन महिन्यांवर आलाय. दुसरा हप्ता बायकोची पोत गहाण ठेवून भरला. आणि फॉर्मवर व्यवसाय 'किराणा दुकान' लिहिलाय, "कारण ड्रायव्हर लिहिलं की हप्ता वाढतो."

आधी विचारलेलं. कोर्स करा, स्वतः बसून करा. फी ६,५०० आणि बुडालेली तीन दिवसांची मजुरी ३ हजार धरा, म्हणजे साडेनऊ हजार. मालकाचे ३६ हजार हिशोबात घेऊ नका; "जाईल" हा पगार नसतो. खेपांचा भत्ता वगळून बांधलेला पगार किती, तेवढं विचारा. तो महिना ३ हजारांनी जरी वाढला, तरी खर्च तीन-चार महिन्यांत निघतो. अशा लायसन्सची मुदत मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३ वर्षांची आहे, म्हणजे लाखभर रुपये जास्त हातात.

१२ हजारांच्या सर्टिफिकेटचा विचारही करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ मध्ये हा कोर्स उगाच घातलेला नाही. टँकरच्या पाटीवर १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे एलपीजी. टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचं लेबल धोक्याच्या कुठल्या वर्गाचं, ट्रेम कार्डावर (मालाचा धोका आणि उपाय सांगणारं, गाडीत ठेवायचं कार्ड) गळती झाली तर काय करायला सांगितलंय, अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवायची जबाबदारी कोणाची (तुमची), हे अंगवळणी पडलेलं असायला हवं. एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावं असं नियम सांगतो. तुम्ही इंग्रजी अक्षर-अक्षर जोडून वाचता असं लिहिलंय. मग आजपासून रोज संध्याकाळी मोठ्या मुलीला शेजारी बसवा आणि एखाद्या ओळखीच्या टँकरवाल्याकडून ट्रेम कार्डाची झेरॉक्स आणून तीच वाचा. तयारीची याहून चांगली वही नाही. शिवाय नोंद खोटी निघाली आणि अपघात झाला, तर मालकाची विमा कंपनी पहिला वाद लायसन्सवरच घालेल.

आता न विचारलेलं. मला जास्त काळजी त्याची आहे.

तुमची पॉलिसी १२ वर्षं दरवर्षी ७२ हजार घेते, म्हणजे साधारण ८ लाख ६४ हजार, आणि विसाव्या वर्षी साडेसोळा लाख देते. "पैसे दुप्पट" म्हणून तुम्हाला हेच विकलं. वर्षाला हा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. पीपीएफ ७.१ टक्के देतं. आणि हे साडेचार टक्के मिळवायला तुम्ही १२ टक्क्यांनी सोनं गहाण टाकलंत! २८ हजार कमावणाऱ्याला महिना ६ हजारांचा हप्ता लावणाऱ्या माणसाने तुमचं घर पाहिलं नाही, स्वतःचं कमिशन पाहिलं.

विमा किती? ७ लाख २० हजार. घरखर्च महिना २० हजार धरला, तर तीन वर्षं. धाकट्याचं शिक्षण संपायला पंधरा वर्षं आहेत, म्हणजे ३६ लाख लागतील. हे तीन वर्षांचं कवचही पोकळ आहे, कारण विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं होईपर्यंत खोट्या माहितीवरून कंपनी दावा नाकारू शकते. तुमची तीन वर्षं झालेली नाहीत, आणि तुम्ही पेट्रोलच्या टँकरवर बसायला निघाला आहात. दावा आला तर पहिली चौकशी धंद्याचीच होईल. त्या दिवशी एजंट कुठे असेल?

कामावर असताना काही झालं तर मालकाच्या गाडीच्या विम्यातून कर्मचारी नुकसानभरपाई मिळते. मृत्यू झाल्यास तुमच्या वयाला, १५ हजारांची वेतनमर्यादा धरून, ती १४ लाखांच्या आसपास येते. पण तुम्ही त्याच्याकडे कामाला होतात हे दाखवावं लागतं. नव्या मालकाकडे पहिल्या महिन्यापासून पगार बँकेत मागा. रोख नको.

आता क्रम सांगतो, तो मोडू नका. या आठवड्यात बँकेत जाऊन ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना सुरू करा. पहिलीत २ लाख, दुसरीत अपघाताचे २ लाख. मग ५० लाखांच्या टर्म विम्याचा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) अर्ज करा. टँकरवाल्याला काही कंपन्या नाही म्हणतील, काही जास्त हप्ता लावतील. तीन-चार ठिकाणी विचारा. ५० नाही जमले तर २५ घ्या. टर्म पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका. तिसऱ्या हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरतो.

टर्म पॉलिसी हातात आली की जुन्या कंपनीकडून सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मधेच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम लेखी मागा. दोन हप्त्यांचे १ लाख ४४ हजार गेलेत, त्यातले ३० टक्के धरले तर ४३ हजार. लाखभर बुडाले म्हणून जीव तुटेल, मला कळतं. पण ते वाचवायला पुढचे दहा हप्ते, ७ लाख २० हजार, भरायचे का? आलेले ४३ हजार सोनेतारणात भरा, नव्या पगारातले जास्तीचे पैसेही तिथेच. पोत वर्षभरात घरी येईल.

नवा फॉर्म कोणाला भरू देऊ नका. तंबाखू खात असाल तर तेही लिहा, हप्ता वाढला तरी. आणि व्यवसायाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहा: टँकर ड्रायव्हर, पेट्रोल-डिझेल.