इंग्लंडमध्ये मध्ययुगातली सामायिक शिवाराची शेती अजून कुठे चालते का?
हो, नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन या छोट्या गावात चालते. गावाभोवती वेस्ट, साउथ आणि मिल अशी तीन मोठी, बिनकुंपणाची शिवारं आहेत आणि शेतकऱ्यांचे पट्टे त्यांत विखुरलेले आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड किंवा गवताखाली, असा फेर चालतो. नोव्हेंबरअखेर पंच गव्हाच्या शिवारात पायी फिरून हद्दीच्या खुंट्या ठोकतात; कुणी वाट किंवा गवताची पट्टी नांगरात घेतली असेल, तर गावच्या 'कोर्ट लीट' या जुन्या न्यायसभेत दंड होतो. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण अनेक ठिकाणी अशी शिवारं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुंपणं घालून मोडली गेली. मात्र पट्टे जुन्यासारखे अरुंद नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एकत्र करून मोठे केले गेले, आणि नांगरणी आता ट्रॅक्टरनेच होते.