गाडी देताना

जुनी गाडी विकायची म्हणून जीव तुटतोय हे लिहिलंस, बरं केलंस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी माझी मारुती ८०० दिली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. एमएच-०८ ची, म्हणजे आपल्या रत्नागिरीची गाडी, कुंभार्ली घाट तिला पाठ होता. आईला शेवटचं दवाखान्यात नेलं ते तिच्यातूनच.

पण एक सांगतो, नुसती अंगणात ठेवून देऊ नकोस. मी दीड वर्ष ठेवली. आपल्याकडची खारी हवा उभ्या गाडीला जास्त खाते. एकदा पायाखालची मॅट उचलली तर पत्रा पापडासारखा फुटला, खालची जांभ्याची माती दिसली. ते बघणं विकण्यापेक्षा वाईट होतं रे.

गिऱ्हाईक गावातलंच मिळालं तर दोन पैसे कमी घे. नजरेसमोर राहते. द्यायच्या आधी एकटाच गुहागरला एक फेरी मारून ये. मग सावकाश रिकामी कर. माझ्या सीटच्या पट्टीत किनाऱ्यावरची वाळू आणि लेकीची केसांची क्लिप निघाली. डॅशबोर्डवरचा गणपती काढून घे, तो नव्या गाडीत बसव.

कागदांत मात्र हळवेपणा नको. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, फास्टॅग बंद, आणि आरसीवर नाव बदललं का ते स्वतः बघ. नाव तुझंच राहिलं तर उद्या अपघाताची नोटीस तुझ्या दारात येईल.

चावी देताना बायकोला नारळ फोडायला सांग. आमच्या हिने बोनेटवर हळदकुंकूही वाहिलं होतं.