'रामदास' बोटीवर लहान मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायचं आहे. कुठून सुरुवात करू?

तुम्ही विचारलंय की १९४७ मध्ये मुंबईहून अलिबाग तालुक्यातल्या रेवस बंदराकडे जाताना बुडालेल्या 'रामदास' आगबोटीच्या दुर्घटनेवर सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायचं आहे, सगळं खरं सांगायचं आहे, पण मुलं घाबरता कामा नयेत. मी अलिबाग तालुक्यात एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि ह्याच विषयावर शाळेपुरतं २४ पानांचं पुस्तक केलं. त्याचे तीन खर्डे वाया गेले. ते का वाया गेले तेच सांगते, तुमचा वेळ वाचेल.

पहिला खर्डा मी बोटीत बसून लिहिला होता. म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला बोट सुटते, आपण प्रवाशांबरोबर असतो, लाट येते, बोट कलंडते. तिसरीच्या वर्गात वाचला. बोट कलंडल्यावर पुढची तीन पानं कोणी नीट ऐकलीच नाहीत. एक मुलगी माझ्या पदराला धरून उभी राहिली. चूक तिची नव्हती, मी तिला पाण्यात सोडून दिलं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. वाचणाऱ्या मुलाला कुठे बसवायचं ते आधी ठरवा. मी शेवटी त्याला रेवसच्या कोळ्यांच्या होडीत बसवलं. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या ह्या लोकांनी बुडणारी माणसं पाहिली आणि आपल्या होड्यांत ओढून घेतली. होडीत जागा व्हावी म्हणून त्यांनी धरलेली मासळी समुद्रात टाकून दिली, असं आमच्याकडे आजही सांगतात. होडीतून समुद्र तेवढाच मोठा दिसतो, माणसं तेवढीच बुडताना दिसतात, काहीही लपत नाही. पण मुलाच्या हाताला काम असतं. चौथ्या खर्ड्याला वर्गात पोरं हात पुढे करून बसली होती.

बोट बुडण्याचं जोडपान शेवटाकडे ठेवू नका. माझ्या पुस्तकात ते दहा-अकरा पानावर येतं आणि अर्ध्याहून जास्त पुस्तक त्यानंतर आहे. पान उलटल्यावर एकदम धक्का बसेल अशी रचनाही नको. नऊ पानावर आभाळ, वारा आणि कलायला लागलेली बोट दिसू द्या, म्हणजे वाचून दाखवणाऱ्या आईला किंवा आजीला आवाज सावरायला वेळ मिळतो.

आता खरेपणाबद्दल. ही गोष्ट मला रेवसच्या एका आजींनी शिकवली, त्यांच्या घरातलं माणूस त्या बोटीत गेलं. मी लिहिलं होतं, 'बोटीतले सगळे आनंदात होते, घरी कधी पोचतो असं प्रत्येकाला झालं होतं.' त्यांनी वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "तुला गो कसं ठाऊक? तू होतीस तिथे?" मी ते वाक्य तिथेच त्यांच्यासमोर खोडलं. त्या दिवसापासून एक नियम पाळला: कोणाच्या मनात काय होतं ते लिहायचं नाही आणि कोणाच्या तोंडी आपण रचलेलं बोलणं घालायचं नाही. ज्या कुटुंबाकडून आठवण घेतली त्याला छापण्याआधी ते पान वाचून दाखवायचं. ते नको म्हणाले तर काढायचं.

आपल्या भाषेत ह्याची फार चांगली सोय आहे. आपल्या आज्या गोष्ट सांगताना 'म्हणे' घालतात. 'मासळी टाकली म्हणे पाण्यात.' मुलांना 'टाकली' आणि 'टाकली म्हणे' ह्यांतला फरक कळतो, समजावून सांगावा लागत नाही. जे कागदोपत्री आहे ते सरळ भूतकाळात लिहा, जे तोंडोतोंडी आलंय तिथे 'म्हणे' किंवा 'सांगतात' ठेवा. संपादक तो शब्द काढायला सांगतील. काढू नका.

चित्रांनाही हाच नियम लागतो आणि तिथेच जास्त चुका होतात. आमच्या चित्रकाराने फार सुंदर बोट काढली आणि डोलकाठीवर अशोकचक्राचा तिरंगा फडकवला. दुर्घटना १७ जुलै १९४७ ची. संविधान सभेने तो ध्वज स्वीकारला २२ जुलैला, आणि स्वातंत्र्य तर २९ दिवस पुढे होतं. शिवाय क्षितिजावर न्हावा-शेव्याच्या बंदराच्या क्रेन, प्रवाशांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या. तुमच्या चित्रकाराला एक दिवस रेवसच्या धक्क्यावर न्या आणि समोर दिसणाऱ्यातलं तेव्हा काय नव्हतं त्याची दोघांनी मिळून यादी करा.

दिव्यांचं पान मला सगळ्यात जास्त झगडून मिळालं. ते दिवस आषाढ अवसेचे होते. कोणी गटारी म्हणतं, कोणी दिव्यांची अवस म्हणतं. घरोघरी समया, निरांजनं चिंचेने घासून पाटावर मांडतात. चित्रकाराला एका घरात वाट बघणारी बाई आणि तिच्यापुढे घासलेले दिवे काढायचे होते. चित्र मनाला भिडणारं होतं, पण ती बाई कोण? अमक्या घरी त्या दिवशी दिवे घासले होते हे आपण पाहिलेलं नाही. शेवटी माणूस काढून टाकलं, पाट आणि दिवे ठेवले, आणि खाली लिहिलं: 'आषाढ अवसेला आपल्याकडे दिवे घासून ठेवतात.' एवढं वाक्य पूर्ण खरं आहे. ह्याच पानावर वर्ग सगळ्यात जास्त वेळ शांत बसतो.

ह्याच अवसेमुळे उधाण समजावता येतं. अवसेला आणि पुनवेला भरती मोठी असते, आपल्या मुलांना हे घरूनच माहीत असतं. बोट का कलंडली हे मात्र करून दाखवा. वर्गात परात भरून पाणी घेतलं, त्यात स्टीलची वाटी तरंगत ठेवली, तळाशी चिंचोके सारखे पसरले. वाटी स्थिर. मग एका मुलाला सगळे चिंचोके एका कडेला सारायला सांगितले आणि दुसऱ्याला परातीत हाताने लाट काढायला. वाटीची कड पाण्याला लागली, पाणी आत शिरलं, वाटी गेली. पावसाळी वादळात मोठी लाट आली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला सरकले, बोट कलली, हे त्यांना मग दोन वाक्यांत कळतं. 'घाबरू नका, जागा सोडू नका' असला उपदेश तिथे चिकटवू नका. त्या माणसांची ती चूक नव्हती, आणि मुलाला तसं वाटता कामा नये.

मृत्यूबद्दल एकदाच, स्पष्ट शब्दांत लिहा. मी आधी 'ती माणसं घरी आली नाहीत' असं लिहिलं होतं. एका मुलाने विचारलं, "मग कुठे गेली?" बरोबरच आहे त्याचं. आता वाक्य असं आहे: 'सहाशेहून जास्त माणसं बुडून मरण पावली.' मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सापडतो, म्हणून 'सहाशेहून जास्त' एवढंच. तो आकडा मुलाच्या डोळ्यापुढे येत नाही. आमच्या शाळेचा पट ४१ होता, तर मी म्हटलं, आपल्यासारख्या पंधरा शाळा. तुम्ही तुमच्या गावच्या शाळेचा हिशेब करा. प्रेतांचं चित्र नको, एकही नको.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ झाली. हा तपशील विसरू नका, मोबाईलवर वाढलेल्या मुलांचे सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात. बोटीची लांबी सुमारे १८० फूट होती. पुळणीवर दोरी धरून मोजून घ्या आणि मुलांना त्या रेघेवरून चालू द्या.

छपाईचं थोडक्यात: पानं आठाच्या पटीत ठेवा, २४ किंवा ३२, म्हणजे कागद वाया जात नाही आणि मध्ये पिन मारून भागतं. मजकूर आठशे शब्दांच्या आत. टाइप मोठा, आणि चित्राचा महत्त्वाचा भाग मधल्या घडीत जाणार नाही एवढं बघा. माझ्या पहिल्या डमीत, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीत, होडीतून पुढे आलेला हात नेमका घडीत गेला होता. शेवटचं एक पान मोठ्यांसाठी ठेवा, बारीक टाइपात: काय कागदांत सापडलं, काय ऐकीव, कोणती चित्रं अंदाजाने काढली. त्यासाठी १८ जुलै १९४७ पासूनच्या वृत्तपत्रांच्या फायली आधी बघा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. आठवणी सांगणारी माणसं आता फार थोडी उरलीत, त्यामुळे फायलींच्याही आधी त्यांच्याकडे जा, ह्या पावसाळ्याच्या आतच. डमी झाली की इथेच कळवा, होड्यांची आणि जाळ्यांची पानं मी रेवसला नेऊन दाखवून आणीन.