मुहूर्त अकरा बेचाळीसचा आणि विमान आदल्या रात्रीचं

टोरांटोहून एका वाचकांचं पत्र आलंय. ते लिहितात: "ताई, इंजिनिअरिंगची चार वर्षं ज्याच्याबरोबर एका खोलीत काढली, त्या मित्राचं डिसेंबरात पुण्यात लग्न आहे. तो म्हणतो, तूच माझा ग्रूम्समन. इथे एका सहकाऱ्याच्या लग्नात मी ते केलंय. सगळ्यांचे एकसारखे सूट, अंगठ्या सांभाळणं, जेवताना भाषण. पुण्यात नेमकं काय करायचं असतं? सूट शिवू का? भाषण मराठीत करू का? आहेर काय द्यावा? मित्रांची पार्टी ठेवावी का? बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर आहे. रजा दहाच दिवसांची आहे, म्हणून लग्नानंतरचे दिवस गोव्यासाठी राखलेत. कार्यालय म्हात्रे पुलाजवळ आहे. मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा, आम्ही आदल्या रात्री ११ ला मुंबईत उतरतो. त्यामुळे वेळेचा प्रश्न नाही."

सूट, भाषण, आहेर सगळं नंतर. आधी ते शेवटचं वाक्य.

अहो, वेळेचाच तर प्रश्न आहे! रात्री ११ ला उतरून इमिग्रेशन, सामान आणि झोपलेलं मूल घेऊन गाडीत बसेपर्यंत साडेबारा होतात. पुणे तिथून दीडशे किलोमीटर. घाटात ट्रकांची रांग नसेल, तर पहाटे चारला दाराशी. डिसेंबरात टोरांटो पुण्याच्या साडेदहा तास मागे असतं. म्हणजे गुरुजी मंगलाष्टकं संपवतील तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचा सव्वा वाजलेला असेल, आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्या मित्राला शुद्धीवर असलेला माणूस शेजारी हवा असणार. शिवाय आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन तुम्ही चुकवताय. तिथेच दोन्हीकडच्या माणसांची ओळख होते, आणि सकाळी कुणाला हाक मारायची हे कळतं.

आपण बाहेर राहणारे सगळेच हे करतो. रजा लग्नानंतर मोकळी ठेवतो आणि लग्नाच्या आधी कापतो. उलटं करा. किमान चार दिवस आधी पोहोचा. एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस, असा अंगाचा हिशेब असतो. चार दिवसांत तो पुरा होत नाही, पण सकाळी सहा ते दुपारी दोन डोळे उघडे राहतात, आणि तुम्हाला तेवढंच हवंय. माझा धाकटा दीर सख्ख्या भावाच्या लग्नाला असाच रात्री उतरला होता. लग्नाच्या आल्बममध्ये तो मुहूर्ताच्या एकाही फोटोत नाही. दिल्लीमार्गे थेट पुण्याला येणार असाल, तर सामान दिल्लीतच घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. तीन तासांपेक्षा कमी अंतराचं जोडविमान घेऊ नका, आणि लग्नाचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा.

आता तुमचं काम काय ते. तिकडे ग्रूम्समन हे नेमून दिलेलं पद आहे. आपल्याकडे मुलाची बहीण करवली म्हणून मानाने मिरवते, मामाला मान असतो, मुलीच्या भावाला कान पिळायचा हक्क असतो. नवरदेवाच्या मित्राला नाव नाही आणि मानपानाच्या यादीत जागा नाही. पण मुलाचे आईवडील विधींना पाटावर बसलेले असतात, काका पाहुण्यांत अडकलेले असतात आणि जानवशाच्या खोलीत मोकळे हात फक्त मित्राचेच असतात. त्या हातांनी एक गोष्ट सांभाळायची: मुहूर्त.

पत्रिकेवर ११:४२ असं मिनिटासकट का छापतात, ते समजून घ्या, म्हणजे घाई करताना ओशाळल्यासारखं वाटणार नाही. लग्न या शब्दाचा ज्योतिषातला अर्थच मुळी त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. बारा राशी चोवीस तासांत उगवतात, म्हणजे एकेक रास सुमारे दोन तास. तिचे नऊ भाग केले की एक नवमांश साधारण तेरा मिनिटांचा. गुरुजी त्यात बसणारी वेळ काढतात. घड्याळं नव्हती तेव्हा बुडाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यात तरंगत ठेवत. ती भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं. तुमचा ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, मुलीच्या आजीचा असतो. आणि मुहूर्त टळला की दुपारपर्यंत कार्यालयात कुणाकडून उशीर झाला याचीच कुजबुज चालते. ती कायम मुलाकडच्यांच्या माथी येते.

म्हणून ११:४२ वरून उलटं मोजा. मंगलाष्टकांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे ११:२० ला अंतरपाट धरलेला हवा. स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्या-मावश्या किती, ते आदल्या दिवशी विचारून गुरुजींना आकडा सांगा. प्रत्येकीची दोन मिनिटं धरा. त्याआधी नवरदेवाचं स्वागत आणि मधुपर्क, त्याला अर्धा तास. म्हणजे १०:४५ ला नवरदेव पूर्ण तयार. शेवटी चढतो तो फेटा. तो सव्वादहाला डोक्यावर बसला पाहिजे. आणि घोटाळा होतो तो इथेच.

फेटेवाल्याला एका फेट्याला सरासरी चार मिनिटं लागतात. तुमच्या मित्राकडे चाळीस फेटे ठरले असतील, तर एकट्याला दोन तास चाळीस मिनिटं. साडेनऊला सुरुवात केली तर शेवटचा फेटा १२:१० ला. सगळे काका फेट्याशिवाय अक्षता टाकतात आणि चिडतात. दोन बांधणारे बोलवा, साडेआठला बसवा, आणि नवरदेवाचा फेटा यादीत मध्यावर घ्या. शेवटी ठेवू नका, मागचे रेंगाळले की तो मागे ढकलला जातो. पहिलाही नको. दोन तास फेटा घालून बसलेल्या मुलाचं डोकं ठणकायला लागतं. त्या रांगेत तुम्ही स्वतः पहिले बसा, म्हणजे नंतर मोकळे राहता.

फेट्याचं कापड सहा-आठ मीटर असतं. सुती आणि किंचित खळ असलेलं असेल तर घडी बसते, गुळगुळीत कृत्रिम रेशमी कापड सरकतं. केस कोरडे हवेत. तेल किंवा जेल लावलेल्या केसांवर पहिला वेढाच धरत नाही. कडा भुवयांच्या वर दोन बोटं ठेवायला सांगा. त्याहून खाली आली की घामाने डोळ्यांवर उतरते. बांधून झाल्यावर कपाळ आणि कापडाच्या मध्ये एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. नवरदेव चष्मेवाला असेल, तर बांधताना चष्मा काढून घ्या आणि नंतर काड्या कापडाखालून सरकवा. चष्मा ठेवून बांधला तर काड्या कानामागे रुततात, आणि तासाभराने त्याचा चेहराच ते सांगतो. मुंडावळ्या फेट्यावरून बांधायच्या, गाठ मागे शेमल्याखाली लपते. मोत्यांच्या मुंडावळ्यांचा दोरा कच्चा असतो. आदल्या रात्री त्याला दुहेरी दोऱ्याची जोड द्या. माझ्या भाच्याच्या मुंडावळ्या ऐन सप्तपदीत तुटल्या होत्या, मोती मोजत बसावे लागले.

वेळ खाणारा दुसरा माणूस म्हणजे फोटोग्राफर. तो वाईट नसतो, त्याला त्याचं काम उत्तम करायचं असतं, आणि १०:३० ला मिळालेला सजलेला नवरदेव तो सहज चाळीस मिनिटं अंगणात उभा करतो. आदल्या दिवशी त्याच्याशी बोला: पंधरा मिनिटं देतो, १०:४५ ला मी घेऊन जाणार. आणि खरंच घेऊन जा. नवरदेवाला हे जमत नाही, त्याला सगळ्यांचं मन राखायचं असतं.

रस्त्याचा भरवसा धरू नका. तुम्ही लिहिलंय की कार्यालय म्हात्रे पुलाजवळ आहे. तिथून राजाराम पुलापर्यंतच्या डीपी रस्त्यावर लग्नाच्या लॉन्सची रांग आहे. दाट तिथीला एकाच वेळी अनेक वराती आणि गाड्या तिथे वळतात. नवरदेव घरून येणार असेल, तर नकाशावर दिसते त्याच्या दुप्पट वेळ धरा. जमलं तर आदल्या रात्रीच कार्यालयाच्या खोलीत मुक्काम करा. नवरदेव मुहूर्तापर्यंत उपास धरणार का आणि दूध-फळं चालतात का, हे गुरुजींना विचारून ठेवा. उपाशी पोटी होमाच्या धुरात बसलेल्या मुलाला भोवळ येते.

तुमच्या खांद्याला एक झोळी असू द्या. सुईदोरा, दोन आकारांच्या पिना, तीन सुती रुमाल, पाणी, डोकेदुखीची गोळी, सुटे पैसे आणि नवरदेवाच्या मापाची जादा चप्पल. बूट पळवले जाणारच आहेत. मेव्हण्यांशी दहा मिनिटं घासाघीस करा, त्यातही मजा आहे, मग पाकीट देऊन टाका. कानपिळीला मुलीच्या भावाला द्यायची भेट लाजाहोमाच्या आधी तुमच्या खिशात हवी. ती गाडीत राहते आणि सगळा मांडव थांबतो. गुरुजी, फेटेवाले, हारवाले, चालक यांचे फोन नंबर कागदावर लिहा. मित्राचा फोन तुमच्याकडे ठेवा, आणि त्याला तो जेवणापर्यंत परत देऊ नका.

दोन्ही हार ११:१० ला बोहल्याजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. हार हातात घेऊन वरची, मानेमागे येणारी गाठ हलकेच ओढून बघा. वजनदार गुलाबांचा हार तिथेच सुटतो. अंतरपाट धरायला बोलावलं तर तुमच्या उंचीचा जोडीदार मागा. कोपरे बोटांना एक वेढा देऊन धरा, कोपर बरगडीला टेकवा. हात लांब ताणून धरलेत तर सातव्या मिनिटाला कापड खाली येतं आणि नवरानवरी एकमेकांना दिसतात, मग मागून ओरडा सुरू होतो.

आणि एक हात जोडून विनंती. हार घालताना नवऱ्याला खांद्यावर उचलू नका. हल्ली सगळे उचलतात. वर उचललेल्या माणसाचा फेटा मागे कलतो, मुंडावळ्या तोंडात येतात, मुलगी टाचा उंचावून हार फेकते आणि तो तुटतो. ज्या क्षणासाठी घरची माणसं महिनाभर पळत होती, त्याची ओढाताण होते. तुमचे बाकीचे मित्र पुढे सरसावतील, त्यांना तुम्हीच अडवा.

मुहूर्त साधला की पाहुणे थेट जेवायला वळतात, आणि मित्रही. तुम्ही थांबा. कन्यादानापासून सप्तपदीपर्यंत अजून दीड-दोन तास असतात. होमाजवळ उपरण्याचं टोक तुमच्या नजरेत हवं. त्याला मुलीच्या शेल्याची गाठ मारलेली असते, त्यामुळे नवरदेवाला स्वतःला ते आवरता येत नाही. उपरणं कृत्रिम धाग्याचं असेल, तर ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. सुती किंवा अस्सल रेशमी घ्यायला आताच सांगा.

आता बाकीचं. सूट शिवू नका. कुर्ता आणि जाकीट पुरे, मित्रांनी एकाच रंगाचे फेटे बांधले की जमलं. विधींत भाषणाला जागा नाही. संध्याकाळी स्वागतसमारंभात माईक हाती आलाच तर दोन मिनिटं, मराठीत, आणि वसतिगृहातल्या गोष्टी मुलीच्या आजोबांसमोर सांगण्याजोग्या निवडा. आहेर: पत्रिकेत "आहेर आणू नये" असेल तर तो शब्द पाळा, आणि केळवणाला घरी बोलावून जोडप्याला जे द्यायचं ते तिथे द्या. पार्टी तीन दिवस आधी, आदल्या रात्री अजिबात नाही. वरातीत मनसोक्त नाचा, पण रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करणं हा कायदा आहे, बँडवाल्यांना वेळ तशी द्या. ओसीआय कार्डं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांची कार्डं, असतील तर बरोबर ठेवा. तुमच्या लेकीचा पासपोर्ट मधल्या काळात नवा झाला असेल, तर तो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा राहिलाय का बघा.

लेकीची काळजी तुम्ही एका ओळीत उरकलीत. चार वर्षांच्या मुलाला अंतरपाटाच्या वेळची गर्दी घाबरवते, आणि डोळ्यात अक्षत गेली की रडू फुटतं. तिला आईबरोबर पहिल्या रांगेच्या कडेला बसवा, अक्षतांऐवजी हातात फुलांच्या पाकळ्या द्या, आणि साडेदहाला पोटभर खाऊ घाला. फेटेवाल्याला आधी सांगितलंत तर तो तीन मीटरच्या तुकड्यात तिलाही फेटा बांधून देईल. बांधणारे दोन आहेत, तेव्हा यादीत तिचं नावही तुमच्या जोडीने सगळ्यात वर लिहा, म्हणजे पावणेनऊच्या आत तिचा होऊन जाईल.