हशा हवा, पण कुठे?

प्रश्न : माझ्या पत्त्यांच्या जादूच्या प्रयोगात लोक भरपूर हसतात, पण शेवटी निवडलेला पत्ता काढून दाखवला की टाळ्या जेमतेम पडतात. असं का?

उत्तर : बहुतेक वेळा घोटाळा शेवटच्या दोन-तीन सेकंदांत असतो. पत्ता उलटतो न उलटतो तोच तुमचं पुढचं विनोदी वाक्य सुरू होतं. त्या क्षणी प्रेक्षकाला पत्ता ओळखायचा असतो आणि चकित व्हायचं असतं, तिथे तुम्ही त्याला हसायला लावता. पत्ता दाखवण्याआधी त्याचं नाव प्रेक्षकाकडून मोठ्याने वदवून घ्या. मग पत्ता सावकाश उलटा, छातीच्या उंचीवर धरा आणि मनात दोन अंक मोजेपर्यंत गप्प राहा. ते दोन अंक तुम्हाला फार लांब वाटतील. वाटू द्या. टाळी ओसरली की मग बोला.

विनोदाची जागा मधल्या रटाळ भागात असते : पिसणं, पत्ता निवडणं, गड्डी परत घेणं. "पत्ता मला दाखवू नका, शेजाऱ्यांना दाखवा; मी नंतर त्यांनाच विचारणार आहे!" या वाक्याने हशाही येतो आणि निवडणारा पत्ता विसरलाच तर साक्षीदारही तयार असतो. असे कामाचे विनोद जमवा.

हशाचा दुसरा उपयोग चलाखी झाकायला होतो. हसताना माणूस सैल होतो, मागे रेलतो, त्याची नजर हातांवरून उठून तुमच्या चेहऱ्याकडे किंवा शेजाऱ्याकडे जाते. पत्ता तळहातात लपवायचा तो हशा चढत असताना. वाक्य संपण्याआधी हात हलवलात तर पकडले जाल, कारण विनोदाच्या टोकाची वाट पाहताना लोक सगळ्यात जास्त सावध असतात. हशा ओसरल्यावर नजरा पुन्हा हातांवर येतात, तेव्हा उशीर झालेला असतो. आणि विनोद पडला तर? तर चलाखी पुढे ढकला. मान वर करून समोरच्याच्या डोळ्यांत बघत विचारा, "मघाशी गड्डी तुम्हीच पिसलीत ना?" उत्तर देणारा तुमच्या डोळ्यांत बघतो, बाकीचे त्याच्याकडे. तेवढी फट पुरते.

प्रश्न : चार ते सात वर्षांच्या मुलांना माझे विनोद कळतच नाहीत. काय करू?

उत्तर : शब्दांवरच्या कोट्या सोडा. या वयाला हसू येतं ते मोठ्या माणसाला न दिसणारी गोष्ट आपल्याला दिसते याचं. गडद कोटाच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, वेल्क्रोची खरखरीत पट्टी शिवा आणि लाल रुमालाच्या कोपऱ्याला मऊ पट्टी. मान खाजवण्याच्या निमित्ताने हात मागे नेऊन रुमाल तिथे दाबा, मोकळा हात पुढे आणा, "गायब!" म्हणा आणि दुसरं काही शोधायला मागच्या टेबलाकडे वळा. मुलं ओरडतील, "पाठीवर! पाठीवर!" तुम्ही गर्रकन वळून मागे बघा, रुमालही तुमच्याबरोबर वळतो. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि तिसऱ्यांदा तो सापडलाच पाहिजे. चौथ्या वेळी मुलं उठून ओढायला येतात, म्हणून पहिली रांग सुरुवातीपासूनच दोन मीटर मागे बसवा. गोंगाट थांबवायला तुम्ही ओरडू नका. पुढचं वाक्य कुजबुजत बोला आणि लगेच एखादा शांत प्रयोग घ्या.

प्रश्न : टॉमी कूपरसारखा मुद्दाम फसणारा कार्यक्रम करता येईल का?

उत्तर : येईल, पण ते दिसतं त्याहून अवघड आहे. लाल फेझ टोपीतला हा ब्रिटिश विनोदी जादूगार (1921–1984) हातचलाखीत चांगला तयार होता आणि फसता फसता मध्येच एखादा प्रयोग चोख जमवायचा. तुम्हीही पहिला प्रयोग बिनचूक करा, नाहीतर पुढचं फसणं लोकांना खरं वाटतं आणि ते हसण्याऐवजी अवघडून बसतात. शिवाय काय घडायला हवं होतं हे आधी स्पष्ट कळलं पाहिजे. ते न कळता फसलेला प्रयोग म्हणजे नुसता गोंधळ. खरोखरच फसलात तर एक वाक्य बोलून पुढे जा. दुसरं वाक्य सारवासारव वाटतं.

प्रश्न : मंचावर बोलावलेल्या प्रेक्षकाची फिरकी घ्यावी का?

उत्तर : त्याच्या नावाची, शरीराची, कपड्यांची किंवा जोडीदाराची अजिबात नको. एकाची खिल्ली उडाली की पुढच्या वेळी वर यायला कुणी तयार होत नाही. बावळट ठरायचं ते तुम्ही : त्याने कांडी धरली की ती धड राहावी, तुम्ही धरली की मोडावी, असं काही. जाताना आधी त्याच्यासाठी टाळ्या मागा, आणि तो पायऱ्या उतरून खुर्चीत बसेपर्यंत पुढचा प्रयोग सुरू करू नका.