वाचकांचे प्रश्न : धर्मानंद कोसंबींचे स्मरण कसे करावे?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात ४ जूनला बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्या स्मृतिदिनी मला अर्धा तास बोलायचे आहे. वाचन सुरू केल्यापासून तीन शंका मनात घोळत आहेत. पाली ग्रंथांत आणि ध्यानात रमलेला हा माणूस मिठाच्या सत्याग्रहात आणि परळच्या कामगार वस्तीत कसा गेला? तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे टाकून गेलेल्या माणसाला सामाजिक न्यायाचा कैवारी म्हणणे कितपत योग्य आहे? आणि त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला, हे बौद्ध आचरणात कसे बसते?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आपला दुसरा प्रश्न सर्वांत अवघड असल्यामुळे तो आधी घेतो. धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे एक छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या माणसाविषयी अधिक जाणून घेण्याची ओढ इतकी अनावर झाली की १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. आधी पुणे, मग ग्वाल्हेर, संस्कृत शिकण्यासाठी काशी आणि तेथे अन्नछत्रातले जेवण, पुढे नेपाळ, बुद्धगया आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप म्हणजे श्रीलंका असा हा प्रवास झाला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे ते पाली शिकले आणि श्रामणेर म्हणजे नवदीक्षित भिक्षू झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन आल्यावर १९०६ मध्ये चीवर म्हणजे भिक्षूचे वस्त्र उतरवून ते गृहस्थाश्रमात परतले. या साऱ्याला सुमारे सात वर्षे लागली, आणि ती सात वर्षे त्यांच्या पत्नी बाळाबाईंनी कशी काढली हे कोणत्याही गौरवपर भाषणात येत नाही. माझ्या मते ते आपल्या भाषणात यावे. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात धर्मानंदांनी स्वतःच्या चुका आणि मनाचा दुबळेपणा झाकून ठेवलेला नाही. त्यांची बाजू सावरण्याची जबाबदारी आपण कशाला घ्यावी?

मात्र या प्रसंगाला आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या पहिल्या शंकेपर्यंत पोहोचतो. बुद्धाने घर का सोडले, याच प्रश्नावर धर्मानंदांनी पुढे सर्वांत मूलगामी विचार केला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि परिव्राजक पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले व मध्यरात्री पत्नी-पुत्र झोपेत असताना तो निघून गेला, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. धर्मानंदांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ती पाली वचनांवर तपासून पाहिली. त्यांना असे आढळले की ती चार दृश्ये दीघनिकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) महापदान सुत्तात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहेत आणि पुढे ती गौतमाच्या चरित्राला चिकटली. मज्झिमनिकाय या दुसऱ्या संग्रहातल्या अरियपरियेसन सुत्तात तर गौतम स्वतःच सांगतो की, आईवडिलांची इच्छा नसताना आणि ते अश्रू ढाळीत असताना मी केस-दाढी काढून घराबाहेर पडलो. म्हणजे चोरून निघून जाण्याची गोष्ट या जुन्या वचनाशी जुळत नाही.

मग कारण कोणते? यासाठी धर्मानंदांनी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे बोट दाखवले. त्यातल्या बुद्धाच्या तोंडच्या गाथांचा आशय असा आहे की, शस्त्र हाती घेतल्यानेच भय निर्माण झाले. अपुऱ्या पाण्यातल्या माशांप्रमाणे तडफडणारी आणि एकमेकांशी झगडणारी ही प्रजा पाहून माझ्या मनात भीती शिरली. सिद्धार्थाचे शाक्य कुळ आणि शेजारचे कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते, हे बौद्ध वाङ्मयात नोंदलेलेच आहे. या दोन गोष्टी जोडून त्यांनी असे मांडले की सिद्धार्थाला घराबाहेर काढणाऱ्या कारणांत मृत्यूच्या विचारापेक्षा माणसामाणसांतला कलह महत्त्वाचा होता. ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही त्यांनी हीच बाजू रंगवली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे शाक्य-कोलियांचा पाण्याचा तंटा आहे. ज्या बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्यांच्या बुद्धचरित्राच्या आरंभी पाण्याचे भांडण यावे, हे मला नेहमीच लक्षणीय वाटत आले आहे.

दुःखाचे मूळ अशा रीतीने कलहात दिसू लागल्यावर ध्यान आणि सत्याग्रह यांच्यात आपल्याला वाटते तेवढे अंतर उरत नाही. धर्मानंदांच्या आयुष्यातली कित्येक वर्षे बुद्धघोष या प्राचीन पाली आचार्याच्या ‘विसुद्धिमग्ग’ या साधनाविषयक ग्रंथात गेली. त्याच्या संपादनासाठी १९१० पासून त्यांना वेळोवेळी अमेरिकेत हार्वर्डला जावे लागले आणि त्यातल्या ध्यानपद्धती मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘समाधिमार्ग’ या छोट्या पुस्तकात सांगितल्या. ‘विसुद्धिमग्गा’तला मैत्रीभावनेचा एक दाखला आपण श्रोत्यांना अवश्य सांगा. मैत्रीचा अभ्यास करणारा भिक्षू बसला आहे; त्याच्याबरोबर एक आवडता, एक त्रयस्थ आणि एक वैरी असे तिघे आहेत. चोर येऊन म्हणतात, ‘बळी देण्यासाठी तुमच्यातला एक जण आम्हाला द्या.’ भिक्षूच्या मनात ‘याला न्या’ किंवा ‘त्याला न्या’ असे आले तर त्याची साधना अपुरी आहे. इथवर आपल्या लक्षात सहज येते. पण बुद्धघोष पुढे सांगतो की, ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असे वाटले तरीही साधना अपुरीच आहे. चौघांपैकी कोणालाही देण्याजोगा तो मानत नाही, तेव्हाच आपपराच्या सीमा मोडल्या असे समजावे. समतेची याहून कडक कसोटी माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

अशा कसोटीच्या ग्रंथावर वर्षानुवर्षे काम करणारा माणूस १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात दिसला, तर त्यात नवल वाटू नये. शिरोडे आपल्याच जिल्ह्यातले असल्याने ही गोष्ट श्रोत्यांना जवळची वाटेल. पुढे त्यांनी तुरुंगवासही भोगला. पैशाच्या बाबतीतही ते असेच वागले. कलकत्त्यात विद्यापीठाची नोकरी असताना त्यांनी ती सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहता येणार होते आणि बदल्यात वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचे होते. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध कळावा, हा त्यामागचा हेतू होता. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी तयार केले.

परळचा बहुजन विहार १९३७ चा. जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून तो उभा राहिला. गिरणी कामगारांची आणि दलितांची वस्ती जवळ असेल अशा जागी तो असावा, हा आग्रह धर्मानंदांचा होता. येवल्यातील बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. समाजवादाची ओढ असलेल्या माणसाने एका धनाढ्य उद्योगपतीच्या पैशाने कामगारांसाठी विहार बांधला, ही विसंगती आहेच आणि ती दडवण्याचे कारण नाही. तसेच धर्मानंदांना बाबासाहेबांच्या शेजारी नेऊन बसवण्याचा मोहही टाळावा. जातीचे चटके स्वतः सोसून उभे राहिलेले आंदोलन आणि सारस्वत ब्राह्मण घरातल्या विद्वानाने आपणहून केलेली सोबत यांची तोलामोलाने तुलना होऊ शकत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. आमरण अन्नत्याग ही बौद्धांपेक्षा जैनांची वाट आहे आणि धर्मानंदांना ते पुरते ठाऊक होते. प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी लिहिल्याबद्दल ज्यांच्यावर जैन समाजाचा रोष ओढवला होता, त्याच माणसाला अखेरच्या वर्षांत जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माने म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह यांनी ओढून घेतले. हे चार याम आणि समाजवाद यांची सांगड घातल्याशिवाय जगाचे भले होणार नाही, अशी त्यांची धारणा झाली होती. शरीर व्याधींनी जर्जर झाले होते आणि त्याचा इतरांना काही उपयोग उरला नाही असे त्यांना वाटू लागले होते. १९४६ मध्ये आरंभलेला उपवास त्यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून सोडला, परंतु पुढल्या वर्षी सेवाग्रामच्या आश्रमात पुन्हा अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांच्याविषयी आदराने सांगितले. या निर्णयाला विनयपिटकात म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आधार शोधण्याच्या खटपटीत आपण पडू नये, असे मला वाटते. त्यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर घेतला होता.

अर्ध्या तासातली शेवटची पाच मिनिटे वाचनासाठी ठेवता आली, तर ‘निवेदना’तला घर सोडण्याचा भाग आणि अत्तदण्ड सुत्ताच्या गाथा एकापाठोपाठ वाचाव्यात. गाथा आधी पालीत म्हणून मग मराठी अर्थ सांगावा. ‘मच्छे अप्पोदके यथा’ हे शब्द मे-जूनमध्ये आटलेल्या ओहोळांतले मासे पाहिलेल्या श्रोत्यांना अर्थ सांगण्याआधीच कळतील.