प्रतशुद्धी आणि प्रक्षेप: 'रिस्टोअर्ड' चित्रपटाला मराठीत काय म्हणावे?

जुन्या चित्रपटांच्या पुनःप्रदर्शनांवर मराठीत लेख लिहू पाहणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. 'रिस्टोअर्ड', म्हणजे खराब झालेला चित्रपट दुरुस्त करून मूळ रूपात आणलेला, या शब्दासाठी त्यांना जागोजागी 'पुनर्संचयित' हा शब्द दिसतो, पण तो लिहायला त्यांचे मन धजत नाही. मग काय लिहावे, हा पहिला. दुसरा प्रश्न 'रांझणा' या हिंदी चित्रपटाविषयी आहे. त्याची 'अंबिकापती' नावाची तमिळ प्रत 1 ऑगस्ट 2025 रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलून पुन्हा चित्रपटगृहांत आणली गेली. तिला 'नवी आवृत्ती' म्हणावे की 'पुनरुज्जीवित प्रत', असे ते विचारतात. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात. ती जागा म्हणजे आपल्या भाषेतील हस्तलिखितांची आणि पाठशुद्धीची, म्हणजे ग्रंथाचा मूळ मजकूर शोधून ठरवण्याच्या कामाची, जुनी परिभाषा.

'पुनर्संचयित' आधी बाजूला काढू. तो दोन कारणांनी टिकत नाही. 'पुनर्'मधला र् पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले तरच उभा राहतो, जसे पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विचार. पुढे कठोर व्यंजन आले की तेथे विसर्ग येतो. म्हणून आपण 'पुनःप्रत्यय' लिहितो आणि म्हणूनच 'पुनःप्रदर्शन', 'पुनःस्थापना' हीच रूपे शुद्ध आहेत, 'पुनर्प्रदर्शन' नव्हे. पण संधी सुधारून 'पुनःसंचयित' केले तरी अर्थाची अडचण उरतेच. संचय म्हणजे साठा, आणि संचयित म्हणजे साठवलेले. पुन्हा साठवलेला चित्रपट म्हणजे काय, ते कोणाला सांगता येईल? मोबाइलच्या पडद्यावर जुनी माहिती परत आणण्याच्या कळीवर हा शब्द छापला गेला आणि तेथून तो कलेच्या प्रांतात शिरला असावा, यापलीकडे त्याच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही.

'जीर्णोद्धार' मात्र खरा शब्द आहे आणि तो आपल्याला पाठ्यपुस्तकातून शिकावा लागत नाही, कारण गावोगावच्या देवळांच्या पावतीपुस्तकांवर आपण तो लहानपणापासून वाचलेला असतो. जीर्ण म्हणजे झिजलेले, विरलेले. पोटात जिरलेले अन्न ते जीर्ण आणि न जिरलेले ते अजीर्ण, तीही याच धातूची लेकरे. उद्धार म्हणजे उचलून वर आणणे. उत् आणि हार यांच्या संधीत ह चा ध होतो, म्हणून जोडाक्षर 'द्ध' असे आहे. 'उध्दार' हे नित्य दिसणारे लेखन चुकीचे आहे. ज्याला काळाने खाल्ले आहे त्याला उचलून वर आणणे, ही कल्पना चित्रपटाच्या रिळांना शब्दशः लागू पडते. ॲसिटेट पायाची फिल्म उष्ण आणि दमट हवेत कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते, वाकडी होते आणि अखेर यंत्रावर चढण्याच्या लायकीची राहत नाही. अशा फिल्मची एकेक चौकट धुऊन, मोजून, उच्च दर्जाच्या यंत्रावर टिपून, ओरखडे आणि डाग काढून, मूळ छायालेखकाने योजलेला प्रकाश व रंग शोधून काढणे याला जीर्णोद्धार म्हणायला कोणाची हरकत असू नये.

तरीही माझ्या मनात या शब्दाविषयी थोडी शंका आहे आणि ती मी लपवत नाही. देवळाच्या जीर्णोद्धारात देव तोच राहतो आणि इमारत बदलू शकते. अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास काशीत विश्वेश्वराचे देऊळ उभारले, तेही नवे बांधकाम होते, आणि तरी त्या कार्याला आपण आदराने जीर्णोद्धारच म्हणतो. आज अनेक ठिकाणी काळ्या दगडावर ऑइलपेंट चढवून आणि गाभाऱ्याला गुळगुळीत फरशा बसवून जे केले जाते, त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतात. ते पाहून मन विषण्ण होते, पण शब्दाच्या अर्थाला ते पूर्णपणे बाहेरचे नाही. चित्रपटात देव आणि देऊळ असे दोन भाग करता येत नाहीत. चौकटींचा क्रम, त्यांची लांबी, त्यांचा शेवट हाच त्याचा देव. म्हणून सर्वसाधारण लेखनात 'जीर्णोद्धार' खुशाल वापरावा, पण जेथे नेमके बोलायचे आहे तेथे आणखी जवळचा शब्द हवा. तो आपल्याकडे आहे.

मराठीत चित्रपटाच्या प्रिंटला आपण 'प्रत' म्हणतो आणि हस्तलिखितालाही 'प्रत'च म्हणतो. या एका शब्दाने दोन प्रांत जोडले आहेत, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती तपासून तिचा पाठ सिद्ध केला, तेव्हा त्यांनी आपल्या कामाला नाव दिले ते 'प्रति शुद्ध केली' असे. ग्रंथ मुळातच अतिशुद्ध आहे, दोष शिरले ते पाठांतरामुळे, असे ते स्पष्ट म्हणतात. (आज 'पाठांतर' म्हणजे तोंडपाठ करणे, त्या वेळचा अर्थ निराळा पाठ, म्हणजे ज्याला आता आपण पाठभेद म्हणतो तो.) ग्रंथ सुधारण्याचा अधिकार ते स्वतःकडे घेत नाहीत, ते प्रत सुधारतात. इतकेच नव्हे, तर पुढच्यांना बजावून ठेवतात:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे करवंटी. येथे एकनाथ वाईट ओवी आणि चांगली ओवी असा भेद करत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घालणाऱ्याची ओवी सुरेख असली तरी त्या ताटात ती करवंटीच. स्वतः मोठे कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात आपली एकही ओळ न घालण्याची ही शपथ आहे. चित्रपटाचा जीर्णोद्धार करणारे तंत्रज्ञ आज जे व्रत पाळतात ते हेच, आणि म्हणून त्यांच्या कामाला 'प्रतशुद्धी' हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. त्या कामातून सिद्ध होते ती 'शुद्ध प्रत'.

आता 'रांझणा'. आनंद एल. राय यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जून 2013 मध्ये आला. बनारसच्या गल्ल्यांत वाढलेला कुंदन झोयावर लहानपणापासून जीव टाकतो आणि अखेरीस रुग्णालयात मरतो; मरताना त्याच्या मनात चाललेले बोलणे हा अनेक प्रेक्षकांच्या लेखी चित्रपटाचा गाभा आहे. 2025 च्या तमिळ प्रतीत हा कुंदन डोळे उघडतो आणि उठतो. दिग्दर्शकाने याला जाहीर विरोध केला. कुंदनची भूमिका करणाऱ्या धनुषने चित्रपटाचा आत्माच हरवल्याचे सांगून, आपण बारा वर्षांपूर्वी स्वीकारलेला चित्रपट हा नव्हे, असे म्हटले. हक्क बाळगणाऱ्या इरॉस कंपनीचे म्हणणे असे, की हक्क आमचे आहेत आणि हा एक पर्यायी शेवट आहे.

या प्रतीला 'जीर्णोद्धार' किंवा 'प्रतशुद्धी' म्हणता येत नाही, हे उघड आहे. बारा वर्षांच्या या चित्रपटात शेवट जीर्ण झालेला नव्हता आणि अशुद्धही नव्हता. 'पुनरुज्जीवित' म्हणावे तर तो शब्द कथेतील नायकाला लागू होतो, चित्रपटाला नाही, आणि वाचकाचा गोंधळ वाढतो. पाठशुद्धीच्या परिभाषेत या कृतीला नेमका शब्द आहे: प्रक्षेप. कर्त्याने न लिहिलेला मजकूर दुसऱ्याने मागाहून ग्रंथात घालणे म्हणजे प्रक्षेप, आणि तसा घातलेला भाग प्रक्षिप्त. प्र उपसर्ग आणि क्षिप् म्हणजे फेकणे, असा तो बनला आहे. योगायोग असा, की पडद्यावर प्रकाश फेकणाऱ्या यंत्राला आपण 'प्रक्षेपक' म्हणतो आणि दूरदर्शनवरून कार्यक्रम पाठवण्याला 'प्रक्षेपण'. त्यामुळे चित्रपटाविषयी लिहिताना 'प्रक्षेपित शेवट' असे चुकूनही लिहू नये, त्याचा अर्थ पडद्यावर दाखवलेला शेवट असा होईल. 'प्रक्षिप्त शेवट' असे लिहावे. दोन अक्षरांच्या फरकाने अर्थ पार बदलतो.

सूक्ष्मपणे पाहिले तर येथे केवळ भर घातलेली नाही, मूळचे काढूनही टाकले आहे. म्हणजे लोप आणि प्रक्षेप दोन्ही आहेत. पण दोषाचे वजन प्रक्षेपावर असल्यामुळे तोच शब्द पुरे.

तमिळ नावाकडे लक्ष दिले तर प्रक्षेप म्हणजे काय हे आणखी नीट कळते. कंब कवीचा मुलगा अंबिकापती आणि चोळ राजकन्या अमरावती यांची प्रेमकथा तमिळ लोकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शृंगाराचा स्पर्श नसलेली शंभर पदे भर सभेत गायली तर राजकन्या मिळेल, अशी त्याला अट घातली जाते. प्रारंभीचे वंदनाचे पद धरून शंभर झाली असे समजून तो तिच्याकडे पाहतो, शृंगाराचे पद गातो आणि एका पदाच्या हिशेबापायी प्राण गमावतो. हे नाव चित्रपटाला दिले तेव्हाच तमिळ प्रेक्षकाला शेवट कळून चुकला होता. हिंदी नावही तसेच. रांझा म्हटले की हीर आठवते आणि दोघांचे मरण आठवते. म्हणजे चित्रपटाचे दोन्ही भाषांतले नाव मृत्यूची खूण मिरवते आहे आणि अखेरच्या मिनिटांत ती खूण खोटी ठरवली जाते. महाभारताच्या संशोधकांची प्रक्षेप ओळखण्याची एक कसोटी हीच असते: घातलेला भाग आजूबाजूच्या मजकुराशी भांडतो. येथे तो शीर्षकाशीच भांडतो.

'नवी आवृत्ती' का नको, तेही सांगतो. मराठी प्रकाशनव्यवहारात काही न बदलता पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण आणि बदल करून छापले तर ती आवृत्ती, असा चांगला भेद आहे. मात्र 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' असे मुखपृष्ठावर छापताना सुधारणारा हात लेखकाचा, किंवा त्याच्या संमतीचा, असे वाचक गृहीत धरतो. जेथे दिग्दर्शक 'मला मान्य नाही' असे सांगतो आहे तेथे 'आवृत्ती' हा शब्द त्याच्या नसलेल्या संमतीची ग्वाही देतो. कायद्यात ही गोष्ट गुंतागुंतीची आहे: 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 कर्त्याला आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध विशेष अधिकार देते, पण त्याच कायद्याच्या व्याख्येत चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो. कायद्याने 'कर्ता' कोणाला म्हणावे ते न्यायालये ठरवोत; भाषेने मालक आणि कर्ता हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत आणि आपण लिहिताना ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

इरॉसने वापरलेला 'पर्यायी' हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. पर्याय म्हणजे निवड, आणि निवड तेव्हाच जेव्हा दोन्ही समोर असतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 या काळात सिद्ध केली, तेव्हा प्रक्षिप्त ठरलेले हजारो श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवले. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही लाडकी कथासुद्धा मुख्य पाठातून परिशिष्टात गेली, पण वाचकाला ती आजही तेथे सापडते. बदललेला शेवट मूळ चित्रपट संपल्यानंतर, तसे सांगून, वेगळा दाखवला असता तर त्याला 'पर्यायी शेवट' किंवा 'परिशिष्ट' म्हणायला मी तयार झालो असतो. मूळ शेवटाच्या जागी तोच बसवला, म्हणून तो प्रक्षिप्त.

2025 मध्येच उलट दिशेचे एक उदाहरण घडले, तेही शब्दांची पारख करायला उपयोगी आहे. 1975 च्या 'शोले'चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो, सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदलावा लागला होता. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेल्या प्रतशुद्धीत तो मूळ शेवट परत आला आणि जून 2025 मध्ये इटलीतील बोलोन्या येथे ती प्रत दाखवली गेली. येथेही प्रेक्षकांच्या ओळखीचा शेवट बदलला, पण कर्त्याने चित्रित केलेलेच परत आले. याला 'मूळ शेवटाची पुनःस्थापना' म्हणावे. पन्नास वर्षे लोकांनी पाहिलेल्या शेवटाला 'खोटा' म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण तोही त्याच दिग्दर्शकाने, नाइलाजाने का होईना, चित्रित केला होता. पाठशुद्धीत अशा सर्वमुखी झालेल्या पाठाला प्रचलित किंवा रूढ पाठ म्हणतात. तेव्हा 'शोले'चा एक मूळ शेवट आणि एक रूढ शेवट. 'रांझणा'चा एक मूळ शेवट आणि एक प्रक्षिप्त शेवट.

आपल्या लेखातील वाक्ये मी असतो तर अशी लिहिली असती: "प्रतशुद्धीनंतर 'शोले' मूळ शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाला", आणि "'रांझणा'ची तमिळ प्रत प्रक्षिप्त शेवटासह पुनःप्रदर्शित करण्यात आली; दिग्दर्शकाची त्याला संमती नव्हती." दुसऱ्या वाक्यातील अर्धविरामानंतरचा भाग जागेअभावी गाळू नये. 'प्रक्षिप्त' हा शब्द ज्या वाचकाला नवा असेल, त्याला त्याचा अर्थ तेथेच कळतो.